नवे म्हणून विकलेले जुने ग्राफिक कार्ड: माझे ८७,९०० रुपये कसे गेले

२०२४ च्या चवथीला (गणेशचतुर्थीला) मी मुलासाठी गेमिंग संगणक घेतला. त्या खरेदीत माझी जी फसवणूक झाली ती लिहून काढायला मला बरेच महिने लागले, कारण मनात राग जितका होता तितकीच लाजही होती. मी गोव्यात डिचोली तालुक्यात राहतो आणि माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो. सव्वीस वर्षे नोकरी केलेल्या माणसाने पक्के बिल न घेता ७९,५०० रुपये दुकानदाराच्या हातात ठेवले, हे सहकाऱ्यांना सांगताना माझी मान खाली जात होती. दुकान बार्देश तालुक्यात आहे. त्याचे नाव आणि गाव मी देत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे आणि माझ्या एखाद्या वाक्याचा आधार घेऊन त्याला निसटायला वाट मिळावी असे मला वाटत नाही. बाकी सगळे आकड्यांसकट मांडतो.

मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला संगणक शाखेत होता. त्याला खेळ खेळायचे होते हे मी लपवत नाही. त्याबरोबर तो त्रिमितीय चित्रणाचे कामही शिकत होता, आणि दोन्हींसाठी स्वतंत्र ग्राफिक कार्ड (पडद्यावरची चित्रे तयार करणारा संगणकातला भाग) लागते हे त्याने मला नीट समजावून सांगितले होते. ऑनलाइन मागवूया असे तोच म्हणत होता. मीच म्हणालो की एवढी महागाची वस्तू दुकानातून घ्यावी, बिघडली तर दारात जाऊन उभे राहता येते. आमच्या घरात फ्रीज, मिक्सर, विहिरीचा पंप, सगळे असेच आले आणि त्यात कधी कोणी फसवले नाही. दुकानही वाटेवरचे नव्हते, माझ्या एका माजी विद्यार्थ्याने सुचवले होते. त्याला मी दोष देत नाही, कारण त्याने तिथून फक्त एक कीबोर्ड घेतला होता.

३१ ऑगस्टला आम्ही दुकानात जाऊन भाव ठरवले. रायझन ५ ५६०० प्रोसेसर ११,५०० रुपये, एक टीबीची एसएसडी (माहिती साठवायची डिस्क) ५,८००, चोवीस इंची मॉनिटर ११,५००, जोडणीचे १,५०० आणि यादीतली सर्वांत महाग वस्तू म्हणजे १२ जीबी मेमरीचे आरटीएक्स ३०६० ग्राफिक कार्ड, २७,५०० रुपये. मदरबोर्ड, रॅम, कॅबिनेट, एसएमपीएस (वीज पुरवणारा भाग) धरून एकूण ७९,५००. त्यातले २०,००० मी तिथेच यूपीआयने आगाऊ भरले. मग मी पक्क्या बिलाविषयी विचारले. हे मी विचारले होते, हे मला येथे मुद्दाम नोंदवायचे आहे, कारण नंतर प्रत्येक कार्यालयात मला असेच ऐकवले गेले की सुशिक्षित माणूस असून बिल कसे मागितले नाही. दुकानदार म्हणाला की पक्के बिल हवे असेल तर १८ टक्के जीएसटी वेगळा, म्हणजे १४,३१० रुपये वाढतील, आणि उरलेली रक्कम रोख दिली तर साध्या चिठ्ठीवरच वॉरंटी चालेल. वर म्हणाला, "मास्तर, हांव आसां न्हय!" म्हणजे, मी आहे ना!

हे वाक्य पुढच्या चार महिन्यांत मी इतक्या वेळा ऐकले की आजही आठवले की डोके तापते. १४,३१० रुपये म्हणजे माझ्या घरात लहान रक्कम नाही. चाळीस हजार बायकोच्या भिशीतून आले होते, उरलेले पगारातून काढले होते आणि चवथीचा खर्च समोर उभा होता. मी गप्प बसलो. पण त्या कार्डाच्या पेटीवर छापलेल्या कमाल किमतीत सर्व कर धरलेलेच असतात, त्यामुळे ग्राहकाला सांगितलेल्या किमतीवर 'बिल हवे तर कर वेगळा' असे म्हणणारा दुकानदार कर वाचवतो तो स्वतःचा, आपला नव्हे. नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने २०० रुपये किंवा त्यापुढच्या विक्रीला, ग्राहकाने मागो वा न मागो, बिल दिलेच पाहिजे असा नियम आहे. हे मला फेब्रुवारीत कळले, आणि कळायला हवे होते ऑगस्टमध्ये.

६ सप्टेंबर, शुक्रवार, चवथीचा आदला दिवस. तिथला आठवड्याचा बाजार आणि माटोळीचा (गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांचा) बाजार एकाच दिवशी आले होते, रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. आम्ही सकाळी दुकानात पोहोचलो तेव्हा तिथेही गर्दी होती. काउंटरवर सगळ्या पेट्या रचून ठेवल्या होत्या आणि कार्डाची पेटी सर्वांत वर, बाहेरचे सील शाबूत. मी ५९,५०० रुपये मोजून दिले. दुकानदार म्हणाला, जोडायला दोन तास लागतात, तोवर तुम्ही माटोळीचे सामान घेऊन या. मला ते सोयीचे वाटले. मुलगा मात्र माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "बाबा, कार्डाची पेटी आपल्यासमोर उघडायला सांगा ना." मी त्याचा हात दाबला आणि त्याला गप्प केले. सणाच्या दिवशी, चार गिऱ्हाइकांदेखत, एखाद्याच्या तोंडावर असा अविश्वास दाखवणे मला बरे वाटले नाही.

भीड ही भिकेची बहीण, ही म्हण मी वर्गात कितीदा समजावून सांगितली असेल. त्या दिवशी मी भीड पाळली आणि दोन तासांसाठी माझे सगळे पैसे आणि सगळ्या पेट्या त्या माणसाच्या मागच्या खोलीत सोडून बाजारात गेलो.

आम्ही नारळाची पेंड (घोस), सुपारीचे घड आणि तवशी (काकड्या) घेऊन परतलो तेव्हा संगणक जोडून तयार होता. कॅबिनेटच्या काचेतून आत दिवे चमकत होते. मुलाने मागच्या बाजूने वाकून पाहिले आणि मला बोलावले. कार्डाची जी धातूची पट्टी कॅबिनेटला स्क्रूने बसवतात, तिच्या कडेला आणि स्क्रूच्या भोवती तांबूस डाग होते. बोट फिरवले तेव्हा बोटाला बारीक खरबरीतपणा लागला. मॉनिटरची वायर जिथे खुपसतात त्या जागांवर नव्या कार्डाला बसवलेली प्लास्टिकची टोपणेही नव्हती. मी विचारले. दुकानदाराने क्षणभरही न थांबता उत्तर दिले की गोव्याची हवा खारी, त्यात पावसाळा, इथे आलेल्या प्रत्येक मालाला असा गंज धरतो, आणि टोपणे जोडताना काढली. मी ते मान्य केले. का केले तेही सांगतो. आमच्या खिडक्यांचे गज दर दोन वर्षांनी घासून रंगवावे लागतात. स्कूटरच्या सायलेन्सरची कथा तीच. गंज हा गोव्यातल्या माणसाला इतका रोजचा आहे की त्याचे कारण विचारावेसेही वाटत नाही, आणि दुकानदाराला ते पक्के ठाऊक होते. पण नवे कार्ड कारखान्यातून बंद पिशवीत येते आणि ती पिशवी आमच्या डोळ्यांदेखत फुटायला हवी होती. बंद पिशवीतल्या वस्तूला गोव्याची हवा लागणार कुठून? हा प्रश्न तेव्हा मला सुचला नाही. तो गंज मी स्वतःच्या बोटाने तपासला होता, म्हणून तो क्षण मला अजून झोपू देत नाही.

जुनी कार्डे बाजारात कुठून येतात हे या क्षेत्रातल्या लोकांना माहीत आहे, तरी माझ्यासारख्या पालकांसाठी लिहितो. इथेरियम हे आभासी चलन काही वर्षे ग्राफिक कार्डांवर 'खणले' जात असे. एकेका चौकटीत अनेक कार्डे लावून ती महिनोन् महिने रात्रंदिवस चालवत. १५ सप्टेंबर २०२२ ला त्या चलनाची पद्धत बदलली आणि कार्डांवरचे ते खणणे एका दिवसात बंद झाले, त्यानंतर वापरलेली कार्डे ढिगांनी विकायला निघाली. आरटीएक्स ३०६० हे फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेले कार्ड ऐन त्या तेजीतले आहे. वापरलेले कार्ड वापरलेले म्हणून, त्या भावात विकण्यात काही गैर नाही. धूळ फुंकून, पंखे पुसून, नव्या पेटीत घालून २७,५०० ला विकणे ही चोरी आहे.

सप्टेंबर संपता संपता खेळ मध्येच बंद पडू लागले. मग पडद्यावर रंगीत चौकटी उमटू लागल्या, हिरव्या आणि जांभळ्या, बुद्धिबळाच्या पटासारख्या. ४ ऑक्टोबरला संगणक गाडीत घालून दुकानात नेला. दुकानदार म्हणाला, तुमच्या गावात व्होल्टेज वरखाली होते, यूपीएस घ्या. आमच्याकडची वीज कशी असते हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे तेही खरे वाटले आणि ५,६०० रुपयांचा यूपीएस त्याच्याचकडून घेतला. २२ ऑक्टोबरला विंडोज पुन्हा टाकायचे ८०० रुपये घेतले. ११ नोव्हेंबरला कार्ड 'कंपनीकडे पाठवतो' म्हणून ठेवून घेतले आणि कुरिअरचे १,५०० घेतले. वॉरंटीतल्या वस्तूच्या कुरिअरचे पैसे मी का द्यावे हेही विचारले नाही. कार्ड २८ डिसेंबरला परत मिळाले, म्हणजे ४७ दिवसांनी, आणि आठवड्याच्या आत पुन्हा त्याच चौकटी. ते कधी कंपनीकडे गेलेच नव्हते, कारण कंपनी दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक वस्तूला नोंदणी क्रमांक देते आणि तो आम्हाला कधी दाखवला गेला नाही. तो क्रमांक पहिल्या दिवशी मागून घ्यायचा आणि कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः तपासायचा. दुकानदाराच्या 'पाठवले आहे' या शब्दाला काही किंमत नसते.

१२ जानेवारीला मुलाने माळ्यावरून रिकामी पेटी काढली. एका हातात पेटी, दुसऱ्या हातात कार्ड, मी चष्मा लावून शेजारी. पेटीवर एक सिरियल नंबर आणि कार्डाच्या पाठीवरच्या स्टिकरवर दुसराच. पहिली काही अक्षरे सारखी होती म्हणून मी दोनदा वाचले. स्टिकरचा एक कोपरा उचकटलेला होता आणि कार्डाच्या कडेला तेलकट ओल होती. नंतर एका दुरुस्तीवाल्याने ५०० रुपये घेऊन कार्ड उघडले आणि सांगितले की आतल्या पॅडमधून हे तेल पाझरते, दीर्घकाळ तापत राहिलेल्या कार्डात असे बऱ्याचदा दिसते. कार्डाचा नंबर आम्ही कंपनीला कळवला. उत्तर आले की या नंबरची तीन वर्षांची हमी मे २०२४ मध्ये संपली आहे. मी ते सप्टेंबरमध्ये 'नवे' म्हणून घेतले होते.

मग मुलाने एसएसडीही तपासली. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचे मोफत सॉफ्टवेअर आहे, ते डिस्क आजवर किती तास चालली हे दाखवते. आमच्या चार महिन्यांच्या डिस्कवर ६,२१४ तास होते, म्हणजे जवळजवळ २५९ दिवस अखंड. आमचा संगणक दिवसरात्र चालू ठेवला असता तरी एवढे तास भरले नसते. हे तपासायला दोन मिनिटे लागतात आणि ते पैसे देण्यापूर्वी काउंटरवर करायचे असते. ग्राफिक कार्डासाठी जीपीयू-झेड आहे, ते नाव बदलून विकलेली बरीच खोटी कार्डे ओळखते. माझ्या बाबतीत मात्र त्याचा उपयोग झाला नसता, कारण माझ्या कार्डाचे नाव खरे होते, खोटे होते ते वय. त्याला एकच उपाय, सिरियल नंबर. तो पेटीवर पाहायचा, कार्डावर पाहायचा, कंपनीच्या संकेतस्थळावर हमीची तारीख पाहायची आणि तोच नंबर बिलावर लिहून घ्यायचा. आणखी एक: आरटीएक्स ३०६० या एकाच नावाने १२ जीबीचे आणि ८ जीबीचे अशी दोन कार्डे आहेत आणि ८ जीबीचे बरेच मंद आहे, म्हणून बिलावर नुसते नाव नको, जीबीही हवेत.

दुकानदारासमोर दोन्ही नंबर ठेवले तेव्हा तो म्हणाला की कार्ड तुम्हीच बदलले असेल, आणि आमच्या चिठ्ठीखालच्या ओळीवर बोट ठेवले: विकलेला माल परत घेतला जाणार नाही. त्या दिवशी तो मला मास्तर म्हणाला नाही.

आता अधिकाऱ्यांविषयी. दुकानदाराने माझे पैसे घेतले, पण ज्यांच्याकडे मी दाद मागायला गेलो त्यांनी माझी उमेद घेतली. फेब्रुवारी २०२५ मध्ये मी दुकानाच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात गेलो. पाऊण तास बाकावर बसवून ठेवल्यावर पहिला प्रश्न आला, बिल कुठे आहे. बिल दिले नाही हाच तर गुन्ह्याचा भाग आहे, असे मी म्हणालो तेव्हा उत्तर मिळाले की बिल नाही तर खरेदीच नाही. दुसऱ्या खेपेस सांगितले की हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा. मी विचारले की जुने असल्याचे माहीत असताना नवे म्हणून विकून पैसे घेणे हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये बसत नाही का. त्यावर शेजारच्या टेबलावरचा एक जण म्हणाला की हे सायबरचे प्रकरण दिसते, तिकडे जा. मी पैसे दुकानात उभे राहून नोटांत दिले होते, त्यात सायबर कुठून आले? तिसऱ्या खेपेस साहेब कार्निव्हलच्या बंदोबस्ताला गेले होते, चौथ्या खेपेस शिगम्याच्या. माझा दोन पानी अर्ज ठेवून घेतला, पण पोच दिली नाही. पोच मागितली तर म्हणाले, "विश्वास नाही का?" विश्वास ठेवूनच मी त्या बाकावर येऊन बसलो होतो. एका शिपायाने तर हसून विचारले की मुलाच्या खेळण्यासाठी एवढा खटाटोप कशाला. ८७,९०० रुपयांचे खेळणे! (मूळ ७९,५००, यूपीएस ५,६००, विंडोजचे ८००, कुरिअर १,५००, दुरुस्तीवाला ५००. हा हिशेब मी रोज करतो.) त्या जागी माझी सोनसाखळी गेली असती तर त्याच लोकांनी पंचनामा केला असता.

कराच्या एका कार्यालयात तक्रार घेऊन गेलो, तिथल्या बाईंनी सगळे ऐकून घेतले आणि शेवटी म्हणाल्या की बिल न घेता खरेदी करून तुम्हीही चूक केलीत. मग लेखी द्या, असे मी म्हणालो. लेखी काही दिले नाही. तो दुकानदार रोज किती विक्री चिठ्ठीवर करतो याची चौकशी व्हावी, एवढेच माझे म्हणणे होते आणि त्याचा माझ्या पैशांशी संबंधही नव्हता. पुढे काय झाले ते आजपर्यंत कोणी कळवलेले नाही.

जी गोष्ट मला एकाही टेबलावर कोणी सांगितली नाही ती मी स्वतः वाचून काढली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणे हीच अनुचित व्यापार प्रथा ठरवली आहे. सदोष माल परत घ्यायला नकार देणे हीसुद्धा, मग ती बिलात लिहिलेल्या मुदतीत असो वा मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत. म्हणजे 'बिल नाही तर तक्रार नाही' हे जे मला चार खेपांत ऐकवले गेले ते कायद्याच्या नेमके उलट आहे. ज्याला बिल मिळाले नाही त्याने म्हणूनच घाबरून घरी बसू नये. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, पण ती मध्यस्थी आहे, तिथून दुकानदाराला आदेश होत नाही, त्यामुळे केवळ तिच्या भरवशावर महिने घालवू नका. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची आहे. पोलीस तक्रार नोंदवत नसतील तर तीच तक्रार लेखी, पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते, आणि पोस्टाची पावती ही पोच असते. हे मला आधी कळले असते तर चार खेपांचे पेट्रोल वाचले असते.

रोख पैसे देऊ नका, हे तर सांगायलाच नको. माझ्या सबंध व्यवहारात बँकेच्या नोंदीत दिसते ती फक्त २०,००० ची रक्कम. ५९,५०० रुपये मी दिले याला साक्षीदार माझा मुलगा.

एप्रिलमध्ये मी आयोगात तक्रार दाखल केली. नोटीस गेल्यावर दुकानदाराचे लेखी उत्तर आले. त्यात म्हटले आहे की तक्रारदाराने स्वस्त पडावा म्हणून समजून उमजून वापरलेला संगणक घेतला, २०,००० रुपये हीच त्याची पूर्ण किंमत होती आणि जुन्या मालाला बिल किंवा हमी दिली जात नाही. ते उत्तर मी स्वयंपाकघरात उभा राहून वाचले आणि माझे हात थरथरू लागले. सव्वीस वर्षांत माझ्यावर कोणी असा खोटेपणाचा आरोप केला नव्हता.

मुलाने ते कागद माझ्या हातून घेतले, वाचले, आणि आपला फोन उघडून मला दाखवला. ३१ ऑगस्टला, मी २०,००० भरून दुकानाबाहेर चप्पल घालत होतो तेव्हा, त्याने दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅप नंबरवर यादीचा फोटो पाठवून विचारले होते: कार्ड नवीन सीलबंद आहे ना, आणि सगळे मिळून ७९,५०० ना? सात मिनिटांनी आलेले उत्तर त्याने जपून ठेवले होते: "यस, न्यू सील पॅक, थ्री इयर्स वॉरंटी, टोटल ७९,५००." मला तेव्हा त्याने हे सांगितले नव्हते, कारण मी रागावेन असे त्याला वाटले होते. त्या संदेशाची छापील प्रत, दोन्ही सिरियल नंबरांचे फोटो आणि कंपनीचे उत्तर आम्ही प्रतिज्ञापत्राला जोडून दिले आहे.